पुलाची नाडी आणि तिचा अर्थ

एखादा पूल पडला की पुढच्या काही आठवड्यांत वर्तमानपत्रांतून एका ठरावीक आशयाची बातमी वाचायला मिळते. पुलांवर आता संवेदक बसवले जाणार आहेत, हे संवेदक पुलाची कंपने अहोरात्र मोजतील आणि पुलात दोष निर्माण झाला की पूल स्वतःच तशी सूचना देईल, असे त्या बातमीत म्हटलेले असते. सोबत बहुधा डॉक्टरची उपमा येते. माणसाची नाडी पाहावी तशी पुलाची नाडी पाहायची, हृदयाचा आलेख काढावा तसा पुलाचा आलेख काढायचा. या अभ्यासशाखेला जगभर रूढ झालेले नावही ‘रचनांच्या आरोग्याची देखरेख’ अशाच अर्थाचे आहे.

ही कल्पना आकर्षक आहे आणि तिच्यामागचे भौतिकशास्त्र अगदी खरे आहे. परंतु ज्या रूपात ती सर्वसामान्य वाचकांपर्यंत आणि शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांपर्यंत पोहोचते, त्या रूपात तिच्यातला महत्त्वाचा अर्धा भाग गळून गेलेला असतो. पुलाचे कंपन मोजणे आज सोपे झाले आहे. मोजलेल्या आकड्यावरून त्या पुलाविषयी काही खात्रीने सांगणे मात्र अवघड आहे. हा फरक केवळ तज्ज्ञांपुरता नाही. ‘संवेदक बसवले आहेत, तेव्हा काळजी नको’ या विश्वासावर रोज हजारो माणसे पुलावरून जाणार असतील, तर त्या विश्वासाला आधार किती आहे हे आपण तपासले पाहिजे. पुढील लेखात तेच करायचे आहे.

मडके वाजवून घेणे

बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. चांगले भाजलेले, न तडकलेले मडके खणखणीत वाजते. चीर गेलेले मडके बद्द वाजते. रेल्वेच्या डब्यांची चाके हातोडीने ठोकून त्यांचा आवाज ऐकण्याची पद्धतही याच तत्त्वावर आधारलेली होती.

हे तत्त्व सूत्ररूपाने सांगता येते. कोणत्याही वस्तूला धक्का देऊन सोडले की ती आपल्या ठरलेल्या गतीने कंप पावते. सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे तिची नैसर्गिक वारंवारता. ही वारंवारता दोन गोष्टींवर अवलंबून असते: वस्तूचा ताठरपणा आणि तिचे वस्तुमान. ताठरपणाला वस्तुमानाने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वारंवारता असते. ताठरपणा घटला तर वारंवारता घटते, वस्तुमान वाढले तरीही वारंवारता घटते. भेग पडल्याने ताठरपणा कमी होतो, म्हणून वारंवारता कमी होते. सारा विषय या एका वाक्यावर उभा आहे.

मध्यम लांबीच्या पुलाची मूळ वारंवारता साधारण २ ते १० हर्ट्झ असते. आपल्या कानाला २० हर्ट्झच्या खालचे ऐकू येत नाही, त्यामुळे पूल ‘वाजला’ तरी आपल्याला तो ऐकू येणार नाही. ते काम त्वरणमापकाकडे द्यावे लागते. पुलाला मुद्दाम धक्का देण्याचीही गरज नसते; वारा आणि वाहने तो सतत देतच असतात. त्या गोंधळातून गणिताने वारंवारता वेगळी काढता येते, आणि हे काम संगणक उत्तम करतात. इथपर्यंत बातमीत सांगितलेले सर्व बरोबर आहे.

अडचण वर्गमुळापासून सुरू होते. ताठरपणा २ टक्क्यांनी घटला तर वारंवारता सुमारे १ टक्क्याने घटते. म्हणजे जे शोधायचे ते मोजताना निम्मे होऊन हाती येते. दुसरी अडचण अशी की वारंवारता ही सबंध पुलाची असते, आणि भेग ही एका जागी असते. मडक्याच्या मानाने त्याची चीर मोठी असते. ५० मीटर लांबीच्या पुलाच्या मानाने हातभर भेग क्षुल्लक ठरते, मग ती नेमक्या घातक जागी का असेना.

ताठरपणा आणि ताकद

या ठिकाणी एक सूक्ष्म गल्लत होते आणि ती बहुतेक लोकप्रिय लेखनात आढळते. ताठरपणा आणि ताकद या दोन वेगळ्या राशी आहेत. वस्तू किती वाकते हे ताठरपणावरून ठरते. ती केव्हा मोडते हे ताकदीवरून ठरते. कंपनातून आपल्याला ताठरपणा समजतो, आणि जाणून घ्यायची असते ताकद.

एक साधा हिशेब करू. २ मीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर जाड अशी एक लाकडी फळी दोन टोकांना आधार देऊन ठेवली आहे. तिची मूळ वारंवारता लाकडाच्या जातीनुसार ९ हर्ट्झच्या आसपास येते. आता फळीच्या खालच्या बाजूने, बरोबर मध्यभागी, करवतीने पाव जाडीपर्यंत म्हणजे ५ मिलिमीटर खोल खाच पाडली. वाकताना मोडण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्या छेदात उरलेली जाडी पाऊण आहे, म्हणून ताकद उरली मूळच्या सुमारे ५६ टक्के. खाचेच्या कोपऱ्यात ताण एकवटतो हे लक्षात घेतले तर त्याहूनही कमी. आणि वारंवारता किती घटली? गणित सांगते की अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे ९ हर्ट्झमध्ये ०.०५ हर्ट्झहूनही कमी फरक.

कारण उघड आहे. खाचेमुळे फळीचा एक चिंचोळा भागच दुबळा झाला, बाकी जवळजवळ सगळी फळी पूर्वीइतकीच ताठ आहे. वारंवारता ठरवताना सबंध फळीचे मत घेतले जाते, मोडताना मात्र एकट्या दुबळ्या छेदाचेच चालते.

आता त्याच फळीच्या मध्यावर एक लिटर पाण्याची बाटली ठेवा. वारंवारता १५ टक्क्यांच्या आसपास खाली येईल. फळीला मात्र काहीही झालेले नाही. निष्पाप बाटलीचा परिणाम घातक खाचेच्या तीसपट आहे.

बाटलीचे हे उदाहरण केवळ कल्पनेतले नाही. समुद्रातून तेल काढणाऱ्या कंपन्यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत आपल्या खोल पाण्यातील फलाटांवर ही पद्धत वापरून पाहण्यासाठी बराच खटाटोप केला. पाण्याखालच्या सांगाड्याची तपासणी पाणबुड्यांकडून करून घेणे खर्चाचे आणि धोक्याचे असल्याने वरून कंपने मोजून दोष कळावा अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु टाक्यांतील द्रवाची पातळी बदलत असे, खांबांवर सागरी जीवांचे थर चढत, यंत्रांचा गोंगाट चालूच असे. प्रत्येक गोष्टीने वारंवारता हलत होती, आणि त्यात दोषामुळे झालेला बदल ओळखू येत नव्हता. अखेर या उद्योगाने तो प्रयत्न बव्हंशी सोडून दिला. पुलांवरील संवेदकांची चर्चा करताना हा इतिहास क्वचितच सांगितला जातो.

तीन रचनांची साक्ष

पुलांच्या बाबतीत प्रत्यक्ष प्रयोग झालेले आहेत, आणि ते शिक्षकांनी मुळातून समजून घेण्यासारखे आहेत. जो पूल पाडायचाच आहे तो पाडण्यापूर्वी शास्त्रज्ञांच्या ताब्यात द्यायचा, त्यांनी त्याला टप्प्याटप्प्याने इजा करायची आणि दर टप्प्याला कंपने मोजायची, अशी ही प्रयोगांची रीत आहे.

पहिला प्रयोग अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की येथे, रिओ ग्रांदे नदीवरील आय-४० महामार्गाच्या पुलावर १९९३ साली झाला. लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेचे संशोधक त्यात होते. पुलाचा भार दोन मोठ्या पोलादी गर्डरांवर होता आणि प्रत्येक गर्डर सुमारे ३ मीटर उंचीचा होता. त्यांतील एक गर्डर मधल्या गाळ्याच्या मध्यावर गॅसच्या ज्योतीने चार टप्प्यांत कापण्यात आला. प्रथम गर्डरच्या उभ्या पत्र्यात सुमारे ६० सेंटिमीटरचा काप घेतला, नंतर तो खालच्या आडव्या पट्टीपर्यंत नेला, मग ती पट्टी अर्धवट कापली आणि शेवटी पूर्ण कापली. पुलाची पहिली वारंवारता कापण्यापूर्वी २.४८ हर्ट्झ होती. चार टप्प्यांनंतर ती अनुक्रमे २.५२, २.५२, २.४६ आणि २.३० हर्ट्झ भरली.

हे आकडे फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना विचारावे की यावरून काय दिसते. पहिल्या दोन कापांनंतर वारंवारता घटण्याऐवजी वाढली! पूल कापल्याने अधिक ताठ होत नाही, हे उघड आहे. त्या दिवसांत हवेचे तापमान बदलले आणि त्याचा परिणाम कापाहून मोठा ठरला, असे याचे स्पष्टीकरण देण्यात आले. तिसऱ्या टप्प्यातही मूळच्या तुलनेत घट १ टक्क्याहून कमीच होती. गर्डरची खालची पट्टी पूर्ण तुटली तेव्हाच ७ टक्क्यांची ठळक घट दिसली. इजा गंभीर असूनही आकडा गप्प राहू शकतो, हा या प्रयोगाचा धडा.

दुसरा प्रयोग स्वित्झर्लंडमधला. कॉपिगेन आणि उत्झेनस्टॉर्फ या गावांना जोडणारा, बर्न-झ्युरिच महामार्गावरून जाणारा ‘झेड-२४’ नावाचा काँक्रीटचा पूल १९९८ साली पाडायचा होता. पाडण्यापूर्वी जवळजवळ वर्षभर, १९९७ च्या नोव्हेंबरपासून, त्याची कंपने आणि त्याबरोबर तापमान, आर्द्रता, वारा यांची अखंड नोंद ठेवली गेली. मगच त्याला इजा करण्यात आली: एका खांबाचा पाया ९५ मिलिमीटरपर्यंत खाली आणला, पूर्वताण देणाऱ्या तारा तोडल्या, आणखी बरेच काही केले. इजेमुळे पहिल्या वारंवारतेत झालेली घट १० टक्क्यांच्या आतच राहिली. परंतु त्याआधी, पूल धडधाकट असतानाच, केवळ ऋतुमानामुळे त्याच्या पहिल्या चार वारंवारता १४ ते १८ टक्क्यांनी खालीवर झाल्या होत्या. तापमान शून्याखाली गेले की पुलावरचा डांबराचा थर गोठून कडक होत असे आणि वारंवारता झपाट्याने चढत असे.

येथे निराश होण्याचे कारण नाही, कारण याच प्रयोगातून पुढचा मार्ग निघाला. बेल्जियममधील लूवेन येथील संशोधकांनी वर्षभराच्या नोंदींवरून तापमान आणि वारंवारता यांचा संबंध बसवला. अमुक तापमानाला धडधाकट पुलाची वारंवारता किती असावी हे त्यावरून सांगता येऊ लागले. प्रत्यक्ष मोजमाप आणि हे अपेक्षित मूल्य यांच्यातील फरक काढल्यावर इजा स्पष्टपणे उघडी पडली. वर्षभराच्या तापमानाच्या नोंदी नसत्या तर मात्र हे शक्य झाले नसते.

तिसरी साक्ष पुलाची नसून इमारतीची आहे. कॅलिफोर्नियात पासाडेना येथील ‘कॅलटेक’ या संस्थेच्या आवारात मिलिकन ग्रंथालयाची नऊमजली काँक्रीटची इमारत १९६० च्या दशकात उभी राहिली. तेव्हापासून तिची वारंवारता वारंवार मोजली गेली आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, बांधल्यापासून तिची पूर्व-पश्चिम दिशेतील वारंवारता २२ टक्क्यांनी आणि उत्तर-दक्षिण दिशेतील १२ टक्क्यांनी घटली होती. यातला मोठा वाटा १९७१ च्या सान फर्नांडो भूकंपाचा होता. २२ टक्के म्हणजे ताठरपणा सुमारे ४० टक्क्यांनी गेला! तरीही इमारतीच्या सांगाड्याला धोकादायक म्हणावी अशी इजा आढळली नाही, आणि ती वापरात राहिली. शिवाय जोराचा पाऊस झाला की काही दिवस तिची वारंवारता थोडी वाढते, असेही दिसून आले.

तीनही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. अल्बुकर्कीत इजा होती पण बदल नव्हता. मिलिकन ग्रंथालयात मोठा बदल होता पण धोका नव्हता. झेड-२४ वर बदल आणि इजा दोन्ही होते, परंतु बदलाचे मोठे कारण थंडी होते. ‘वारंवारता घटली म्हणजे रचना आजारी’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी चुकीचे ठरते.

आपल्याकडे पुलावरचे डांबर गोठत नाही. पण उन्हाळ्यातले कडक ऊन, पावसाळ्यात महिनोन्‌महिने भिजणारे काँक्रीट, पुरानंतर बदललेली नदीच्या पात्राची पातळी, बसस्थानकाजवळच्या पुलावर तासागणिक बदलणारा वाहनांचा भार, हे सर्व वारंवारतेवर परिणाम करू शकणारे घटक आहेत. त्यामुळे युरोपातील किंवा अमेरिकेतील पुलावरचे समीकरण आणून येथे बसवता येणार नाही. प्रत्येक पुलाचे किमान एक पूर्ण वर्षाचे टिपण त्याच पुलावर करावे लागेल.

जन्मजात दुबळेपण

डॉक्टरच्या उपमेत आणखी एक उणीव आहे. डॉक्टरांनी लाखो माणसे तपासलेली असतात, त्यामुळे निरोगी माणसाचे ठोके किती असावेत हे त्यांना ठाऊक असते. प्रत्येक पूल मात्र आपल्या जातीचा एकटाच असतो. त्याची तुलना त्याच्याच पूर्वीच्या स्थितीशी करावी लागते. पण पूल मुळातच दुबळा जन्मला असेल तर?

हा प्रश्न अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात १ ऑगस्ट २००७ रोजी प्रत्यक्ष उभा राहिला. मिसिसिपी नदीवरील आय-३५ डब्ल्यू हा १९६७ साली वाहतुकीस खुला झालेला पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि १३ माणसे दगावली. चौकशीत असे आढळले की काही सांध्यांवर पोलादी सदस्यांना जोडणारे पत्रे आवश्यकतेच्या निम्म्याच जाडीचे होते. ही मूळ आराखड्यातली चूक होती. नंतरच्या वर्षांत पुलावर काँक्रीटचा भार वाढला, आणि कोसळण्याच्या दिवशी दुरुस्तीचे साहित्य आणि यंत्रे पुलावर ठेवलेली होती.

अशा पुलावर पहिल्या दिवसापासून संवेदक असते तरी त्यांनी त्या दुबळ्या पत्र्यांसह असलेली वारंवारता हीच ‘निरोगी’ म्हणून नोंदवली असती. वर्षानुवर्षे काहीही बदल झाला नाही, असाच अहवाल आला असता. इथे उपयोग झाला असता तो जुना आराखडा काढून पुन्हा हिशेब करणाऱ्या अभियंत्याचा. २००३ सालच्या तपासणीत काढलेल्या छायाचित्रांमध्ये ते पत्रे वाकलेले दिसत होते, हे चौकशीत पुढे आले. डोळ्यांना दिसणारी खूण कागदोपत्री उपलब्ध होती. तिचा अर्थ कोणी लावला नव्हता.

मग ही पद्धत टाकाऊ आहे का?

असे मुळीच नाही, आणि टीका करताना तसा समज होऊ नये. पर्यायाकडेही तितक्याच कठोरपणे पाहिले पाहिजे. आज बहुतेक पुलांची तपासणी डोळ्यांनी केली जाते. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने २००१ साली या तपासणीचीच परीक्षा घेतली. वेगवेगळ्या राज्यांतील ४९ तपासनिसांना तेच पूल पाहून गुण देण्यास सांगितले. एकाच भागाला सरासरी चार ते पाच वेगवेगळे गुण मिळाले. आपल्याकडे मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळला. त्याआधीच्या तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीनंतर वापरण्यास योग्य ठरवलेला होता. नुसत्या नजरेवर विसंबणे किती धोक्याचे आहे, याला आणखी पुरावा नको.

प्रश्न आहे तो कंपनमापन कोठे चालते आणि का चालते हे समजून घेण्याचा. तारांनी पेललेल्या पुलांवर ते उत्तम चालते. कोलकात्याचा विद्यासागर सेतू किंवा मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू आपण पाहिला असेल. अशा पुलाच्या तिरप्या तारा म्हणजे प्रचंड आकाराच्या सतारीच्या ताराच असतात. तारेची लांबी, दर मीटरचे वस्तुमान आणि वारंवारता माहीत असेल तर तिच्यातील ताण काढता येतो: वस्तुमानाला लांबीच्या वर्गाने आणि वारंवारतेच्या वर्गाने गुणायचे आणि आलेल्या संख्येची चौपट करायची. १०० मीटर लांबीची, मीटरला ५० किलोग्रॅम वस्तुमानाची तार सेकंदाला एकदा कंप पावत असेल तर तिच्यातील ताण २० लाख न्यूटन, म्हणजे सुमारे २०० टन वजनाइतका भरतो. येथे पद्धत यशस्वी होते, कारण तारेचा ताठरपणा तिच्या ताणातूनच येतो आणि आपल्याला हवा असतो तोही ताणच. जे मोजले आणि जे हवे होते, त्यांच्यात येथे अंतर नाही.

कारखान्यांतील पंप, जनित्रे आणि टर्बाइन यांच्या बाबतीतही कंपनमापन रुळलेले आहे. यंत्राचा वेग माहीत असतो, बिघडलेले बेअरिंग ठरावीक वारंवारतेचा ठोका देते, आणि एकाच बनावटीची शेकडो यंत्रे असल्याने बिघडलेले यंत्र कसे वाजते याचा अनुभव जमा झालेला असतो. पुलांच्या बाबतीत यातले काहीच सहज मिळत नाही. पूल पडेपर्यंत वाट पाहून अनुभव गोळा करणे आपल्याला परवडणारे नाही.

मोठ्या भूकंपानंतरही या पद्धतीचा उपयोग आहे. एका शहरातील अनेक इमारतींपैकी कोणाची वारंवारता एकाएकी किती बदलली हे काही मिनिटांत कळले, तर आधी कोणती इमारत उघडून पाहायची हे ठरवता येते. या ठिकाणी यंत्र निकाल देत नाही, ते रांग लावून देते. निकाल माणसालाच द्यावा लागतो.

बातमी वाचताना विचारायचे प्रश्न

यावरून वाचकाने चार प्रश्न मनाशी बाळगावेत. संवेदक बसवल्याची बातमी आली की पहिला प्रश्न: कंपनांबरोबर तापमान आणि वाहनांचा भार यांचीही नोंद होते काय? दुसरा: धोक्याचा इशारा देण्यापूर्वी किमान एक वर्षाची नोंद जमली आहे काय? तिसरा: कोणत्या प्रकारची आणि किती मोठी इजा या व्यवस्थेला ओळखता येईल, हे आधी हिशेब करून सांगितले आहे काय? चौथा: इशारा आल्यास कोणी, किती वेळात, काय करायचे हे ठरले आहे काय? शेवटचा प्रश्न विज्ञानाचा नाही असे वाटेल. पण वाकलेल्या पत्र्यांची छायाचित्रे चार वर्षे पडून राहिली, हे लक्षात घेतले तर तो सर्वांत आधी विचारावा असा आहे.

तक्रारीचा काही भाग शालेय लेखनाकडेही वळवला पाहिजे. कंपनांच्या पाठात पुलाचे उदाहरण येते ते बहुधा पावले मोडून चालणाऱ्या सैनिकांचे, किंवा ७ नोव्हेंबर १९४० रोजी कोसळलेल्या टॅकोमा पुलाचे. टॅकोमाची कथा साध्या अनुनादाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात वारा पुलाला ठरावीक तालात ढकलत नव्हता. पुलाच्या पिळवटण्यामुळेच वाऱ्याचा जोर त्याच्यावर पुन्हा पुन्हा येत होता, हे १९९१ साली बिल्ला आणि स्कॅनलन यांनी भौतिकशास्त्राच्या शिक्षकांसाठी निघणाऱ्या एका नियतकालिकात सविस्तर दाखवले आहे. चित्तथरारक उदाहरण हाती आले की त्याचे स्पष्टीकरण तपासण्याची गरज वाटेनाशी होते. संवेदकांच्या बातमीचेही तसेच झाले आहे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग वर आलेलाच आहे. २ मीटरची फळी, दोन स्टुले, पाण्याची बाटली आणि एक मोबाइल फोन एवढे साहित्य पुरे. आजच्या फोनमध्ये त्वरणमापक असतो आणि त्याची नोंद दाखवणारी विनामूल्य अ‍ॅप मिळतात. फोन फळीच्या मध्यावर चिकटपट्टीने बसवावा, फळीला हलका ठोका द्यावा आणि वारंवारता काढावी. असे निदान दहा वेळा करावे आणि दहाही आकडे वहीत लिहावेत. ते सारखे येणार नाहीत. फळीचे कंपन दोन-तीन सेकंदांत विरते, आणि जितका वेळ कंपन टिकते तितकीच वारंवारता बारकाईने कळते; दोन सेकंदांच्या नोंदीतून साध्या रीतीने ०.५ हर्ट्झहून लहान फरक धरता येणे कठीण आहे.

त्यानंतर बाटली ठेवून पुन्हा दहा वेळा मोजावे. फरक लगेच दिसेल. मग बाटली काढून, शिक्षकांनी स्वतः करवतीने पाव जाडीची खाच पाडावी आणि आणखी दहा वेळा मोजावे. आकड्यांच्या आपापसातील फरकात खाचेचा फरक बहुधा बुडून गेलेला आढळेल. प्रयोग फसला असे म्हणून विद्यार्थी हिरमुसतील. त्यांना सांगावे की प्रयोग फसलेला नाही. या उपकरणाने ही खाच दिसत नाही, हाच त्याचा निष्कर्ष आहे, आणि तो तसाच लिहायचा आहे. शेवटी फळीच्या मध्यावर हळूहळू वजन वाढवत नेऊन ती मोडून पाहावी; फळीखाली पाय किंवा हात येणार नाही याची काळजी घ्यावी. शक्य असल्यास न कापलेली दुसरी फळीही तशीच मोडावी आणि दोन्ही वजने दहा-दहा आकड्यांच्या तक्त्याखाली लिहावीत.